बिननावाचा साप

माझ्या वडिलांनी माझ्या मुलीला फसवलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, वडील सत्तरीच्या पुढचे. जागा नवापूरचा नाका, वेळ भर दुपारची, आणि साक्षीला ट्रकभर माणसं. त्यातलं कोणी आज तोंड उघडत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढे कोणी मला ते ऐकवायला नको. मी सुरतेत कापडाचा धंदा करते. ज्या साडीची छपाई सरकलेली असते, काठ वाकडा गेलेला असतो, असा माल मार्केटातून उचलते आणि गोडादऱ्याच्या गल्ल्यांतून विकते. लग्न होऊन खानदेशातून आले तेव्हा नेसायच्या दोन लुगड्यांशिवाय माझं काही नव्हतं. पहिली चार वर्षं गाठोडं डोक्यावर घेऊन हिंडले. आज दुकान आहे. ते गोड बोलून झालेलं नाही. मार्केटातला दलाल मला सांगतो, बेन, मला घरातच इतक्याला पडलंय. मी त्याला सांगते, शेजारचा याहून कमी घेतो. तो खोटं बोलतो, मी खोटं बोलते, आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. यात कोणी फसत नाही. जो खोटं बोलतो हे जगाला माहीत आहे, तो कोणाला काय फसवणार? फसवू शकतो फक्त तो, ज्याच्यावर कोणीतरी विश्वास टाकलेला असतो.

आबा तसे होते. वडिलांना मी आबा म्हणते, मुलगीही आबाच म्हणायची. आई गेल्यावर ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून गावाकडून माझ्याकडे आले आणि राहिले. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही असं मानणाऱ्यांतले. म्हणून जेवायला बसण्याआधी नातीच्या हातावर काहीतरी ठेवायचे. चार शेंगदाणे, एखादी लिमलेटची गोळी. ते ठेवल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. माझ्या नवऱ्याला हसू यायचं. मला नाही यायचं. मी त्यांच्याच हाताखाली वाढले होते.

त्यांनी बरोबर धोतराचा जोड, चष्मा आणि मोक्षपट एवढंच आणलं होतं. मोक्षपट म्हणजे जुनी सापशिडी. आता दुकानात पुठ्ठ्याची मिळते तिच्यात साप नुसते साप असतात. आबांच्या पटावर प्रत्येक सापाला आणि प्रत्येक शिडीला नाव होतं. साप म्हणजे क्रोध, मत्सर, चोरी, असत्य, निंदा. शिड्या म्हणजे दया, दान, सत्य, क्षमा. तळाशी जन्म, माथ्यावर वैकुंठ. साप जास्त, शिड्या कमी. लहानपणी मी विचारलं होतं की असं का. ते म्हणाले, पट करणाऱ्याने जग पाहिलेलं होतं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि गडीमाणसं उघड उघड पत्ते कुटतात. त्या दिवशीचा जुगार कोणी वाईट मानत नाही. आबा मानायचे. ते गल्लीतली पोरं गोळा करून ओट्यावर पट पसरायचे. सहा कवड्या, आणि सोंगट्यांऐवजी चिंचोके. सापाच्या तोंडात सापडलेल्यासाठी त्यांचा एक नियम होता. त्या सापाचं नाव मोठ्याने वाचायचं आणि त्या नावाचं आपण केलेलं एक खरं कृत्य सगळ्यांपुढे सांगायचं. खरं सांगितलं तर साप अर्ध्या अंगावरच सोडतो. लपवलं तर थेट पहिल्या घरात, पुन्हा जन्म.

गोडादऱ्यातही त्यांनी तोच नियम चालवला. मी मार्केटातून यायची तोवर दोघं पटावर बसलेली असायची. एकदा मुलगी चोरीच्या तोंडात सापडली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की मम्मीच्या गाठोड्यातली सोनेरी लेस मी घेतली. ती लेस मी तीन दिवस शोधत होते, गिऱ्हाइकाशी भांडले होते. माझा हात वर गेला. आबांनी तो वरच्यावर धरला.

"आज मारशील तर उद्या ती सांगणार नाही," ते म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

मला खेळात ओढलं की मी हटकून असत्यावर जायची. एकदा म्हटलं, आज मी काही खोटं बोलले नाही. पोरगी खो खो हसली. "मम्मी, सकाळी त्या मावशीला म्हणालीस ना, हा माल आजच आला. तो तर दिवाळीपासून पडलाय." मला पहिल्या घरात पाठवलं. मीही हसले. खरं सांगते, ते दिवस चांगले होते.

त्या पटाचं एक गुपित होतं. कापड माझ्या बोटांना कळतं. आबा पोरांना सांगायचे की हा पट फार जुना, त्यांच्या आजोबांच्या वेळचा. मी चिमटीत धरला आणि समजले की हा गिरणीचा मांजरपाट आहे, आजोबांच्या वेळचा असणं शक्य नाही. विचारलं तेव्हा आबांनी कबूल केलं. मूळ पट उंदरांनी खाल्ला होता, तरुणपणी त्यांनी पाहून पाहून नवा उतरवला. त्यात एक साप बिननावाचा राहिला, कारण मूळ पटावर तिथलं अक्षर झिजून गेलं होतं. मी म्हटलं, टाकायचं होतं काहीतरी, कोण बघतंय. ते म्हणाले, मला वाचताच आलं नाही ते मनाने कसं लिहू, ते असत्य झालं असतं. त्या घरात सोंगटी पडली की काही होत नसे. मुलगी त्या सापाला फार भ्यायची. नाव असलेल्या सापांना भ्यायची नाही.

मग चौऱ्याण्णव साल उजाडलं. गणपती बुडवून दोन-चार दिवस झाले होते. सुरतेतल्याच वेड नावाच्या वस्तीकडे माणसं पटापट मरताहेत, प्लेग आहे, अशी बातमी दुपारी गल्लीत आली आणि संध्याकाळपर्यंत औषधांच्या दुकानांत कॅप्सूल उरली नाही. दवाखान्यांना कुलपं. ज्याच्या तोंडावर रुमाल नाही त्याला लोक लांबूनच ओरडायचे. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या खोल्या बंद. स्टेशनवर गेलेले परत येऊन सांगत होते की डब्यात पाय ठेवायला जागा नाही, टपावर बसून चाललेत. माझा नवरा शहराबाहेर, सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात होता. त्याने निरोप पाठवला, माझी वाट पाहू नकोस, पोरीला आणि आबांना घेऊन निघ.

आणि आबांना ताप होता.

दोन दिवसांपासून होता. थंडी भरून यायची, दात वाजायचे, मग घाम सुटून उतरायचा, आणि पुन्हा. सुरतेत राहणाऱ्याला मलेरिया ओळखायला डॉक्टर लागत नाही. पण त्या दिवसांत ताप म्हणजे ताप. तापाचं माणूस दिसलं की उचलून नेतात आणि वेगळ्या वॉर्डात टाकतात, आणि तिथे ज्याला काही नाही त्यालाही होतं, असं सगळे म्हणत होते. मला आबांना तिथे एकटं टाकायचं नव्हतं. माझ्या सगळ्या खोट्याच्या मुळाशी एवढंच होतं.

मी ट्रक शोधला. ड्रायव्हर नंदुरबारकडे रिकामा चालला होता आणि माणशी वाटेल ते मागत होता. मी गल्लीतली उरलेली माणसं गोळा केली, म्हटलं, सगळे मिळून एकच बोली. चाळीसेक जण झाले. त्याला भावात उतरावं लागलं. पण त्याने एक अट घातली. गाडीत आजारी माणूस नको. नाक्यावर एक सापडला तर सगळी गाडी अडकेल.

"सौदा तुमचा, तर शपथही तुमची," तो म्हणाला. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवा."

मी ठेवला. माझा शपथेवर विश्वास नाही, असता तर धंदा एक दिवस चालला नसता. पण आमच्यात लेकराच्या डोक्यावर हात ठेवून माणूस खोटं बोलत नाही, म्हणून त्याने तीच मागितली आणि म्हणूनच ती घेतल्यावर पुढे काही विचारलं नाही. माझ्या तळव्याखाली तिचं डोकं गरम होतं, उन्हाने. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. आत खोलीत आबा गोधडीखाली कुडकुडत होते हे तिला माहीत होतं.

उजाडताच निघालो. आबांना मी टेकून बसवलं, टोपीखाली ओलं फडकं ठेवलं. हात लावून बघितलंच तर कपाळ गार लागावं. दर थोड्या वेळाने फडकं बाटलीतल्या पाण्याने भिजवून पुन्हा ठेवत होते. आबांना सांगून ठेवलं होतं की विचारलं तर नाही म्हणायचं. शेजारणीला सांगितलं होतं की आबांच्या पुढ्यात बस. बारडोली गेली, दोन्ही बाजूंना ऊस, व्यारा गेलं, सोनगड गेलं. मुलगी माझ्या मांडीवर जागी होती, त्या फडक्याकडे बघत. तिला मी काहीच सांगितलं नाही. सौद्यात मी कोणाला विसरत नाही. तिला विसरले. वाटलं, लहान आहे.

महाराष्ट्राच्या हद्दीवर, नवापूरच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबवली. तोंडाला फडकी बांधलेली चार-पाच माणसं होती. त्यांतला एक फळीवर चढला. डोळे लाल, सकाळपासून तेच करून दमलेला. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं की कोणाला ताप आहे का, खरं सांगा.

खरं सांगा. हे शब्द त्याने वापरायला नको होते.

"आबाले ताप शे," माझी मुलगी म्हणाली. आणि बोट दाखवलं.

मी तिच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात की माझीच बोटं झिणझिणली. मागून कोणीतरी म्हणालं, आवरा त्या नारदाला. ती रडली नाही. गालावर हात ठेवून ती आबांकडे बघत होती. मला तिची नजर पाठ आहे. भेदरलेली नव्हती. खेळात वाद झाला की ती ज्या नजरेने त्यांच्याकडे बघायची तीच होती. आता आबा सांगतील. मम्मी अशीच आहे, पण आबा सांगतील, आणि साप अर्ध्यावर सोडेल.

तो माणूस आबांकडे वळला. आबांनी टोपी सरळ केली.

"पोर खोटं बोलस साहेब," ते म्हणाले. "तिले सवयच शे तशी."

माणसाने त्यांच्या कपाळाला हात लावला. ओलं, गार. तो उतरला. गाडी सुटली. लोक हसले, त्यांनी घाम पुसला, कोणी पोरीला लटक्या रागाने खोटारडी म्हटलं आणि कोणी बिस्कीट पुढे केलं. तिने घेतलं नाही.

आता मला सांगा. नाही एवढंच म्हणायचं होतं. तेवढंच आम्ही ठरवलं होतं. एका शब्दाने भागत होतं. 'तिला सवयच आहे' हे कुठून आणलं? दलालसुद्धा गरजेपेक्षा जास्त खोटं बोलत नाही.

गावी पोहोचल्यावर गोळ्या मिळाल्या, आठवड्यात आबांचा ताप गेला. मलेरियाच होता. ट्रकमधली निम्मी माणसं आसपासच्याच गावांची, त्यामुळे नाक्यावरचा किस्सा आमच्या आधी घरोघर गेला. पोरं तिला बघितलं की ओरडायची, ताप शे, ताप शे. आबा ओट्यावर बसून ऐकायचे. कधी एकाला दटावलं नाही.

आबा हिंडू-फिरू लागले त्या दिवशी मुलीने स्वतः पट काढला. त्यांच्यासमोर पसरला. कवड्या टाकल्याच नाहीत. आबांचा चिंचोका उचलला आणि असत्याच्या तोंडात ठेवला.

"आबा, सांगा," ती म्हणाली.

मी चुलीपाशी होते. भाकर तव्यावर करपली, मला उलटायचं सुचलं नाही. मी मनात म्हणत होते, सांगा आबा. चार शब्द लागतात. तिथे दुसरं कोणी नव्हतं, त्यांना लाजायलाही कोणी नव्हतं.

आबांनी पटाची घडी घातली. "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये," म्हणाले आणि उठून गेले.

महिन्याभराने आम्ही सुरतेला परतलो. आबा भावाकडेच राहिले. पट मात्र मुलीने दप्तरात घालून आणला. तिने तो पुन्हा उघडला नाही. मला वाटलं, मोठी होतेय. मी दुकानाच्या मागे लागले होते. ती फार बोलत नव्हती, त्याचं मला बरंच वाटलं असेल, शप्पथ घेत नाही.

त्याच थंडीत एकदा तिचे डोळे जड वाटले. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, बरी आहे. कपाळाला हात लावला, गार. दुसऱ्या दिवशीही गार. तिसऱ्या दिवशी ती शाळेत बाकावरून खाली पडली, हातपाय वाकडे, तोंडाला फेस. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज आली आहे, पोरगी निदान तीन दिवस तापाने फणफणत असणार, इतके दिवस आणलं का नाही. मी त्यांच्याशी भांडले. ओरडून सांगितलं की मी रोज हात लावत होते, मी आई आहे, मला कळत नाही का.

घरी कपडे घ्यायला आले तेव्हा तिच्या उशीखाली माझा रुमाल सापडला. ओला. बाजूला पाण्याची बाटली.

कोणी शिकवलं हे सांगायला नको. फडकं भिजवताना ती माझ्या मांडीवर होती.

ती वाचली. कान गेले, दोन्ही. शुद्धीवर आल्यावर मी बोलत होते आणि ती माझ्या ओठांकडे बघत होती, तेव्हा कळलं. मी पाटी आणली. लिहिलं, ताप होता तर सांगितलं का नाहीस? तिने पेन्सिल मागून घेतली. मग लिहिलं, एकदा सांगितलं होतं.

ती पाटी मी पुसली नाही. दुकानात गल्ल्याच्या मागे आहे.

आबा दवाखान्यात आले. तिच्या तळव्यावर चार शेंगदाणे ठेवले. तिने मूठ मिटली नाही, ते चादरीवर घरंगळले. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं आणि पाटीवरचं सांगितलं. त्यांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, प्रारब्ध.

मी व्हरांडाभर आवाज केला. नर्स धावत आली. मी म्हटलं, तुमचा पट मी लहानपणापासून वाचतेय, त्यात प्रारब्ध नावाचं एकही घर नाही. दाखवा कुठे आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एसटी गाठायला निघून गेले.

नातेवाईक मला म्हणतात, थोबाडीत तू मारलीस, शपथ तू घेतलीस, फडकं तुझं. हो. त्या तिन्हींचं उत्तर मी रोज देते आहे. तिला बोट धरून रस्ता ओलांडून देताना देते. मागून रिक्षा आली तर तिला कळत नाही. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत ओठ वाचायला शिकवतात, तिथे तिच्याशेजारी बसून शिकताना देते. मी असत्याचा साप आहे, माझ्यावर नाव लिहिलेलं आहे, ते तिने वाचलेलं होतं. ती मला कधी भ्याली नाही आणि माझ्यावर कधी विसंबली नाही. ती तुमच्यावर विसंबली होती, आबा. मला वाचवायला तुम्ही खोटं बोललात असंही सांगतात. मग तिला तेवढंच सांगायचं होतं. ते तिला कळलं असतं. तिला सगळं कळायचं.

ती आता अकरा वर्षांची आहे. दर आखाजीला मी तिला घेऊन गावी जाते आणि पट तुमच्यापुढे पसरते. पहिल्या वर्षी माझी मागणी होती की ट्रकमधल्या माणसांना गोळा करून सगळ्यांसमोर सांगा. पुढच्या वर्षी म्हटलं, गल्लीतल्या पोरांना सांगा, पुरे. मग म्हटलं, भावाच्या घरच्यांसमोर. दरवर्षी मी उतरत आले. आयुष्यात मी कोणापुढे इतकी उतरले नाही. तुम्ही दरवर्षी विचारता, चहा घेशील?

आता शेवटचं. याच्या खाली मी येणार नाही. कोणाला काही सांगू नका. तिला तुमच्या मिशांतून तुमचे ओठ वाचता येत नाहीत, म्हणून बोलूही नका. पटावर एक साप बिननावाचा आहे. तो आजही कोरा आहे, मी पाहून घेतलं. शाई मी आणेन. नवापूरच्या नाक्यावर तुम्ही जे केलंत त्याचं नाव तुमच्या हाताने त्याच्या तोंडापाशी लिहा. झिजलेलं अक्षर वाचता येत नाही ही सबब या वेळी नाही. हे तुम्हाला वाचता येतं.

ती समोर बसलेली असेल. तिला वाचू द्या. उत्तर द्या, आबा.